कॅम्परव्हॅनमधली वीज: बॅटरी, सोलर आणि प्रत्येक तारेचा फ्यूज

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलरसारखी मोठी व्हॅन घेऊन आत पलंग, ओटा, फ्रिज बसवणारी माणसं आता आपल्याकडेही भेटतात. सुतारकाम, गाद्या, पाण्याची टाकी यांवर बोलायला सगळ्यांना आवडतं. विजेचं काम मात्र बहुतेक जण शेवटी उरकतात, कारण '१२ व्होल्ट तर आहे, शॉक कुठे लागतोय?' हे खरं असलं तरी अपुरं आहे. २०० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) क्षमतेच्या लिथियम बॅटरीची दोन टोकं पान्यानं जोडली गेली तर हजारो अँपचा प्रवाह वाहतो, पाना काही क्षणांत लालभडक होतो. तोच प्रवाह भिंतीतल्या बारीक तारेतून गेला तर तिचं आवरण पेटतं, आणि भोवती तर प्लायवूड, फोम आणि पडदेच असतात.

या लेखात एकच व्हॅन धरून सगळी मांडणी केली आहे: दोन माणसं, ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी, १२ व्होल्ट २०० एएचची लिथियम बॅटरी, छतावर २०० वॅटची दोन पॅनेल, ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना इंजिनाकडून ही बॅटरी भरणारा) आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, विचाराची रीत तीच राहील.

आणखी एक गोष्ट आधीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होणार असेल तर आरटीओची परवानगी लागते. ते काम आणि विमा कंपनीला कळवणं वायरिंगच्या आधी करा.

पायरी १: दिवसाचा खर्च मांडा

किती वॅटचं पॅनेल घेऊ, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. त्याचं उत्तर खर्च मांडल्याशिवाय मिळत नाही. आमच्या धरलेल्या व्हॅनचा एप्रिल-मे महिन्यातला एक दिवस असा:

४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, सुमारे ४५ एएच.
बीएलडीसी पंखा, २ अँप, रात्रीचे १० तास, २० एएच.
एलईडी दिवे, सगळे मिळून १ अँप, ४ तास, ४ एएच.
पाण्याचा पंप, ६ अँप, दिवसभरात २० मिनिटं, २ एएच.
एक लॅपटॉप आणि दोन मोबाइल, १८ एएच.
मिक्सर, ५०० वॅट, ३ मिनिटं, इन्व्हर्टरचा तोटा धरून अडीच-तीन एएच.

बेरीज साधारण ९२. मिक्सरचा आकडा बघा. वाटण करायला वीज पुरेल का, याची सगळ्यांना धास्ती असते, आणि त्याला लागते पंख्याच्या दीड तासाएवढी वीज. खरा खाणारा आहे फ्रिज, कारण तो चोवीस तास चालतो. इंडक्शन शेगडी मात्र या यादीत बसत नाही. १५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला जवळजवळ दीडशे अँप, तेही अर्धा-अर्धा तास. रोजचा स्वयंपाक विजेवर करायचा असेल तर सगळी यंत्रणाच २४ किंवा ४८ व्होल्टची उभी करावी लागते, आणि पहिल्याच गाडीत मी तो सल्ला देणार नाही. गॅसची शेगडी ठेवा.

पायरी २: बॅटरी निवडा

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तसं करू नका. तिचं वजन पन्नास-साठ किलो असतं, घाटातल्या वळणांवर आतलं आम्ल बाहेर येऊ शकतं, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो. बंद डब्यात, जिथे माणसं झोपतात तिथे, ही बॅटरी नको. शिवाय लेड-ॲसिडची निम्मीच क्षमता वापरली तर ती टिकते. म्हणजे १५० मधले ७५ एएचच तुमचे.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ही आज व्हॅनसाठी शहाणपणाची निवड आहे. ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडून १२.८ व्होल्ट होतात. २०० एएचची बॅटरी साधारण २५ किलोची असते आणि तिच्यातले १६०-१८० एएच निर्धास्त वापरता येतात. आपल्या ९२ च्या हिशेबानं जवळजवळ दोन दिवस.

विकत घेताना तीन गोष्टी विचारा. एक, आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट, सलग किती अँप देतो? २०० एएचच्या कित्येक स्वस्त बॅटऱ्यांत १०० अँपचाच बीएमएस असतो. इन्व्हर्टर पूर्ण भारावर एकटाच तेवढे घेतो, मग पंप सुरू झाला की सगळी गाडी अंधारात. १५० अँप किंवा जास्त हवा. दोन, थंडीत चार्जिंग आपोआप थांबतं का? शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी हे नक्की बघावं. तीन, उष्णतेची मर्यादा काय? बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ ते ५५ अंशांची वरची मर्यादा सांगतात. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरला उन्हात उभ्या केलेल्या व्हॅनचं बंद कपाट तिथे सहज पोचतं. म्हणून बॅटरीच्या कपाटाला जाळी ठेवा आणि ते इंजिनापासून लांब घ्या.

बॅटरी गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेल्या पट्ट्यांनी आवळायची. नुसती कपाटात कोंबून चालत नाही. जोरात ब्रेक लागल्यावर २५ किलोचा ठोकळा सरकला तर तारा उपटल्या जातात.

पायरी ३: कागदावर आकृती, बॅटरीपासून बाहेर

पेन्सिल घ्या आणि कागदाच्या मध्ये बॅटरी काढा. धन टोकापासून पहिली गोष्ट मुख्य फ्यूज, मग सगळी वीज तोडणारा मुख्य आयसोलेटर स्विच, मग धन बसबार, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडायची धातूची पट्टी. ऋण टोकापासून पहिली गोष्ट शंट, मग ऋण बसबार. बाकीचं सगळं, म्हणजे इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा), डीसी-डीसी चार्जर, बारीक फ्यूजचा डबा, या दोन बसबारांना जोडायचं. बॅटरीच्या टोकावर थेट दुसरं काहीही लावायचं नाही.

शंट हा बॅटरी मॉनिटरचा मोजणारा भाग. एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं. ८० टक्के भरलेली असो की ५० टक्के, मीटर १३.१ ते १३.३ च्या मध्येच घुटमळतो, त्यामुळे व्होल्ट बघून किती वीज उरली हे कळत नाही. आत गेलेले आणि बाहेर आलेले अँप मोजावेच लागतात. त्यासाठी प्रत्येक ऋण तार शंटच्या पलीकडे, बसबारवर यायला हवी. एखादी चुकून बॅटरीच्या बाजूला लागली तर तिचा हिशेब सुटतो आणि मॉनिटर खोटं बोलू लागतो.

ऋण बसबारवरून एक जाड तार गाडीच्या चासीला जोडा, फक्त एकाच जागी. दिव्यांची, पंख्यांची ऋण तार जवळच्या पत्र्याला लावून मोकळं व्हायची मेकॅनिक लोकांना सवय असते. राहत्या भागात ते टाळा. प्रत्येक उपकरणाला धन आणि ऋण दोन्ही तारा बसबारपासूनच न्या. पुढे बिघाड शोधताना याचं मोल कळतं.

पायरी ४: तार

आता या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. पंपाला पंपवाल्यानं दिलेलं संरक्षण असेल-नसेल, तुमचा फ्यूज ती तार पेटण्याआधी वितळायला हवा. म्हणून क्रम असा: आधी उपकरणाचे अँप, त्यावरून तार, आणि तारेवरून फ्यूज.

तार निवडताना दोन कसोट्या लागतात. तिला किती अँप झेपतात, हे उत्पादकाच्या तक्त्यात असतं. दुसरी कसोटी व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे तारेत वाटेतच कमी होणाऱ्या व्होल्टेजची, आणि १२ व्होल्टच्या जगात बहुतेक वेळा तीच जाड तार घ्यायला लावते. तांब्याच्या तारेसाठी हिशेब सोपा आहे:

ड्रॉप = २ × लांबी (मीटर) × अँप × ०.०१७५ ÷ तारेची जाडी (चौरस मिलिमीटर)

दोननं गुणायचं कारण वीज जाते आणि परतही येते. फ्रिज बसबारपासून ५ मीटरवर आहे, ५ अँप घेतो आणि तुम्ही अडीच चौरस मिमीची तार लावली, तर ड्रॉप ०.३५ व्होल्ट. कागदावर ठीक वाटतं. पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या दुप्पट ओढतो, ड्रॉप ०.७ वर जातो, आणि बॅटरी थोडी उतरलेली असली की फ्रिज कमी व्होल्टेज समजून स्वतःला बंद करतो. पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. 'फ्रिज खराब निघाला' म्हणून केल्या जाणाऱ्या तक्रारींत बारीक तारेचा वाटा मोठा आहे. अनेक छोट्या फ्रिजमध्ये सेकॉपचे कॉम्प्रेसर असतात. त्यांच्या तक्त्यात १२ व्होल्टसाठी २.५ चौरस मिमीची तार अडीच मीटरपर्यंत, ४ ची चार मीटरपर्यंत आणि ६ ची सहा मीटरपर्यंत चालते. लक्षात ठेवायला किती सोपं! आपल्या ५ मीटरसाठी ६ ची तार.

दिवे आणि पंख्याला दीडची, पंप आणि मोबाइल चार्जिंगला अडीचची तार पुरते. तार मल्टिस्ट्रँड, लवचीक घ्या. घराच्या भिंतीतली एकसंध तांब्याची तार गाडीच्या हादऱ्यांनी कालांतरानं आतून तुटते.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ इथे हवी ती जाडी मिळते. जाड तारेच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. वेल्डिंग केबल म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. एक तंतू ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं आणि केबल हातात हलकी लागली, तर परत द्या. तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा बरीच कमी वीज वाहते आणि जोडांवर तापते.

पायरी ५: फ्यूज

नियम दोन बाजूंनी आवळलेला आहे. सलग वाहणाऱ्या अँपच्या सव्वापट किंवा थोडा वर, आणि तारेला झेपणाऱ्या अँपच्या खाली. या दोन्हींत बसणारा फ्यूज सापडत नसेल तर तार जाड करा. फ्यूज मोठा करणं हा उपाय नव्हे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच तारेवर १० च्या जागी २० चा लावणारा माणूस तारेलाच फ्यूज बनवत असतो.

फ्यूज कुठे लावायचा? विजेच्या उगमाजवळ. फ्यूजच्या अलीकडची तार उघडी, असंरक्षित असते, म्हणून तिची लांबी जितकी कमी तितकं बरं. अमेरिकेत नौकांसाठी एबीवायसी या संस्थेचे नियम आहेत. त्यांत उगमापासून ७ इंच, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटर, हा मूळ दंडक धरतात आणि काही ठिकाणी सवलत देतात. व्हॅनमध्ये मी तोच पाळायला सांगेन. तार दोन उगमांना जोडत असेल, म्हणजे दोन्ही टोकांकडून तिच्यात वीज येऊ शकत असेल, तर दोन्ही टोकांना फ्यूज हवा. गाडीची (इंजिन सुरू करणारी) बॅटरी आणि घरची, म्हणजे राहत्या भागाची आपली २०० एएचची बॅटरी, यांच्यामधला मार्ग तसाच आहे.

आता फ्यूजचा प्रकार, ज्याकडे नवशिक्याचं लक्षच जात नाही. फ्यूजवर दोन आकडे असतात. किती अँपला वितळतो हा एक. किती मोठा प्रवाह तो सुरक्षितपणे तोडू शकतो हा दुसरा. शॉर्ट सर्किटमध्ये प्रवाह हजारो अँपवर गेला की कमकुवत फ्यूजचा तंतू वितळतो, पण त्या फटीत विजेची ठिणगी पेटत राहते आणि प्रवाह सुरूच राहतो. मेगा फ्यूजची ही क्षमता सहसा २,००० अँप असते, चांगल्या कंपनीच्या एएनएलची ६,००० च्या आसपास, आणि क्लास टीची २०,०००. एलएफपी बॅटरी शॉर्टमध्ये किती देईल याचा नेम नसतो, म्हणून मुख्य फ्यूज क्लास टीच घ्या. तो महाग आहे, त्याचा होल्डरही महाग आहे. बाकी कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

'बॅटरीत बीएमएस आहे, मग फ्यूज कशाला?' असं दुकानदारही विचारतात. बीएमएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. मोठ्या धक्क्यानं त्यातले मॉसफेट (प्रवाह तोडणारे ट्रान्झिस्टर) जळतात तेव्हा पुष्कळदा ते जोडलेल्याच अवस्थेत अडकतात, आणि मग तोडणारं कोणी उरत नाही. कार ऑडिओच्या दुकानात मिळणारे, बटण दाबून पुन्हा चालू होणारे स्वस्त ब्रेकरही मुख्य जागी नकोत. पूर्ण भारावर ते तापतात आणि त्यांचं प्लास्टिक वितळतं.

आपल्या व्हॅनचे आकडे असे येतात. बॅटरी ते धन बसबार: २०० अँपचा क्लास टी, ७० चौरस मिमीची तार. ५० चीही काही चांगल्या आवरणाची तार चालेल, पण लांबी अर्धा मीटरच आहे, पैशांचा फरक थोडा आहे. बसबार ते इन्व्हर्टर: १५० अँप, ५० चौरस मिमी, दीड मीटरच्या आत. सोलर कंट्रोलर ते बसबार: ४० अँप, १० चौरस मिमी. डीसी-डीसी चार्जरकडून येणारी तार: बसबारपाशी ४० अँप, १० चौरस मिमी. बसबार ते बारीक फ्यूजचा डबा: ६० अँप, १६ चौरस मिमी. डब्यात गाडीत वापरतात तसले ब्लेड फ्यूज: दिव्यांना ५, पंख्याला ५, पंपाला १०, मोबाइल चार्जिंगला १०, फ्रिजला १५. आणि तार घेताना तिच्या तक्त्यातले अँप त्या त्या फ्यूजपेक्षा जास्त आहेत हे प्रत्येक वेळी ताडून बघा. उकाड्यात, एकत्र बांधलेल्या तारांची क्षमता तक्त्याहून कमी होते.

प्रत्येक आकाराचे दोन-दोन फ्यूज जास्तीचे गाडीत ठेवा, क्लास टीसुद्धा. गावच्या गॅरेजमध्ये ब्लेड फ्यूज मिळेल, क्लास टी मिळणार नाही.

पायरी ६: जोड

आग बहुधा जोडापाशी लागते. ढिल्या जोडाचा रोध वाढतो, तो तापतो, तापून आणखी ढिला होतो, आणि या उष्णतेत फ्यूज काहीही करू शकत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणून तारेच्या टोकाला बसवायचे थिंबल हातोडीनं ठोकलेले किंवा पकडीनं दाबलेले नकोत. जाड तारांवर थिंबल दाबून बसवायला हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल लागतं. विकत घ्यायचं नसेल तर तारा मापून कापा आणि केबलच्या दुकानातून क्रिम्प करून आणा. थिंबल कथील चढवलेल्या तांब्याचं, तारेच्या नेमक्या जाडीचं आणि बोल्टच्या नेमक्या भोकाचं घ्या. वरून श्रिंक स्लीव्ह. क्रिम्प झाल्यावर जीव खाऊन ओढून बघा.

बसबारवर थिंबल थेट तांब्याला टेकलं पाहिजे. वॉशर आणि स्प्रिंग वॉशर त्याच्या वर, नटाखाली. थिंबल आणि बसबार यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर गेला तर सगळी वीज त्या वॉशरमधून जाते, आणि पूर्ण भारावर तिथे हात लावता येत नाही.

पत्र्यातून तार काढाल तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच. बाकी सगळीकडे कॉरुगेटेड पाइप आणि दर वीतभर अंतरावर क्लॅम्प. खडबडीत रस्त्यावर तार पत्र्याच्या कडेला घासत राहिली की आवरण कापलं जातं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावा, आता कंटाळा आला तरी.

पायरी ७: सोलर

२०० वॅटच्या मोनो पॅनेलचं खुलं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज साधारण २४, काम करतानाचं २० आणि प्रवाह १० अँप असतो. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर ४८ व्होल्ट, १० अँप. पॅरलल जोडली तर २४ व्होल्ट, २० अँप. आपल्या उन्हात मी सिरीज सुचवेन. पॅनेल तापलं की व्होल्टेज पडतं. दुपारी सेल ६५ अंशांवर गेला की २० चे १७ होतात, बॅटरीला १४.४ पर्यंत न्यायचं असतं आणि कंट्रोलरला वर थोडी जागा लागते. सिरीजमध्ये ती भरपूर मिळते, तारही बारीक पुरते. नेहमी झाडाखाली थांबणाऱ्यांना मात्र पॅरलल बरं, कारण एका पॅनेलवरच्या सावलीचा दुसऱ्यावर परिणाम कमी होतो.

थंडीत उलट होतं, व्होल्टेज चढतं. उणे १० अंशांना ४८ चे साधारण ५३ होतात. कंट्रोलरची मर्यादा याच्या वर हवी. १०० व्होल्ट, ३० अँपचा एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर इथे चपखल बसतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरला ४८ व्होल्टचं पॅनेल लावू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो वरचं व्होल्टेज वाया घालवतो किंवा जळतो.

छतावर ४ चौरस मिमीची सोलर केबल वापरा, उन्हात न तडकणारी. एकच सिरीज रांग असेल तर पॅनेलच्या बाजूला फ्यूजची गरज नसते, कारण पॅनेल स्वतःच्या शॉर्ट सर्किट प्रवाहापेक्षा जास्त देऊच शकत नाही आणि केबलला तो सहज झेपतो. तीन किंवा जास्त रांगा पॅरलल असतील तेव्हा प्रत्येक रांगेला फ्यूज लागतो, नाहीतर बाकीच्या रांगा मिळून बिघडलेल्या रांगेत वीज ढकलतात. डीसी आयसोलेटर मात्र हवाच. घरचा एमसीबी इथे चालत नाही. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विचमधली ठिणगी आपोआप विझते. डीसीला तसा क्षण नसतो. डीसीचा, व्होल्टेज लिहिलेला ब्रेकर घ्या आणि त्यावरच्या धन-ऋण खुणा पाळा. ऊन असताना पॅनेलच्या तारांचे एमसी४ जोड खेचून उघडू नका, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ एकमेकांत बसवू नका.

पॅनेलखाली इंचभर हवा खेळू द्या. सपाट छतावरच्या ४०० वॅटमधून स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० एएचच्या आसपास मिळतात, म्हणजे आपला खर्च जेमतेम भागतो. जुलैत आंबोली किंवा महाबळेश्वरला हा आकडा विसरा. तिथे पुढची पायरी कामाला येते.

पायरी ८: गाडी चालताना चार्जिंग

गाडीच्या बॅटरीपासून रिले लावून थेट तार आणणं ही जुनी रीत. एलएफपीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, ती मिळेल तेवढं ओढते. अल्टरनेटर, विशेषतः इंजिन नुसतं फिरत असताना थंड हवा न मिळाल्यानं, तापून जळतो. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर मधूनच व्होल्टेज उतरवतो. ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर दोन्ही प्रश्न सोडवतो. तीन तासांचा प्रवास म्हणजे सुमारे ९० एएच, एका दिवसाचा खर्च.

चार्जर घरच्या बॅटरीजवळ बसवा. गाडीच्या बॅटरीपासून १६ चौरस मिमीची तार, आणि गाडीच्या बॅटरीला लागूनच ६० अँपचा फ्यूज. इंजिन चालू असल्याची खूण त्याला इग्निशनच्या तारेवरून मिळते, नाहीतर तो रात्रभर गाडीची बॅटरी उपसेल.

पायरी ९: इन्व्हर्टर आणि २३० व्होल्ट

शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. १००० वॅटला बॅटरीकडून शंभरेक अँप लागतात, म्हणून तो बॅटरीच्या जवळ, पण तिच्या कपाटाबाहेर. नको तेव्हा बंद ठेवा. रिकामा चालू राहिला तरी तो रात्रभरात काही एएच खातो.

त्याच्या पुढची बाजू २३० व्होल्टची, जीव घेणारी. तिथे एमसीबी आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा ब्रेकर) लावा, अर्थ चासीला जोडा. आरसीसीबी काम करण्यासाठी इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असावे लागतात. काही इन्व्हर्टरमध्ये ते आतून असतात, काहींत नसतात, आणि नसतील तर टेस्ट बटण दाबून ब्रेकर पडला तरी माणसाला संरक्षण मिळतंच असं नाही. एवढा भाग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मुक्कामी बाहेरून वीज घ्यायची सोय करणार असाल तर तीही त्याच्याकडूनच. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर कधीही एकत्र येणार नाहीत, असा चेंजओव्हर स्विच हवा.

पायरी १०: सुरू करण्याचा क्रम

हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. सगळे फ्यूज काढलेले, सगळे स्विच बंद, पॅनेलवर जाड चादर.

मल्टिमीटरनं धन आणि ऋण बसबारांमधला रोध बघा. शॉर्टची शिट्टी वाजली तर थांबा आणि शोधा. मग बॅटरीचं धन टोक, मग ऋण टोक. मुख्य फ्यूज बसवून आयसोलेटर चालू करा आणि बसबारवर १३ च्या आसपास व्होल्ट, बरोबर दिशेनं, आहेत का बघा. इन्व्हर्टरचा फ्यूज जोडताना मोठी ठिणगी उडते, कारण आतले कपॅसिटर एकदम भरतात. आधी काही सेकंद गाडीचा २१ वॅटचा दिवा मध्ये धरून ते भरू द्या. दिवा मंदावला की फ्यूज बसवा.

सोलरचा क्रम कधीच उलटवायचा नाही. आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार एलएफपी आणि कमाल व्होल्टेज बॅटरीच्या कागदावर लिहिलं असेल तेच ठेवा, सहसा १४.२ ते १४.६ च्या मधलं.

मग बारीक फ्यूज एकेक करून बसवा, प्रत्येक उपकरण चालवून बघा. शेवटी इन्व्हर्टरवर मिक्सर किंवा ८००-९०० वॅटची इस्त्री लावून दहा मिनिटं भार द्या. इस्त्री बंद करून प्रत्येक जोडाला, फ्यूज होल्डरला, बसबारला इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. शेजारच्या जोडापेक्षा एखादा स्पष्टपणे गरम असेल तर तो उघडून पुन्हा करा. भार असताना डीसी क्लॅम्प मीटरनं मोजलेले अँप शंटच्या आकड्याशी जुळतात का तेही पाहा.

दाराजवळ, आत-बाहेर दोन्हीकडून हात पोचेल असं ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा आणि मुख्य आयसोलेटर कुठे आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला दाखवा, मुलांनाही. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर, शक्यतो एखादा घाट उतरून झाल्यावर, मुख्य स्विच बंद करून बसबारचे सगळे नट पुन्हा आवळा. त्यानंतर हे काम दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.